मंच हलका झाला, गर्दीचं काय?

‘पर्यावरणाला झळ न लावता दौरा कसा करायचा हे उमगेपर्यंत आम्ही दौऱ्यावर निघणार नाही,’ असं कोल्डप्लेनं २०१९ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ दौरा सुरू झाला. पॅडल मारून वीज तयार करायच्या सायकली, नाचलं की वीज देणारी फरशी, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांवर चालणारा शो, जाताना परत करायचे चमकते मनगटी पट्टे. २०२४ मध्ये बँडनं जाहीर केलं की, २०१६-१७च्या दौऱ्याच्या तुलनेत थेट कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटलंय.

आकडा मी मान्य करतो. मला खटकतो तो ‘थेट’ हा शब्द. त्यात शोची वीज, सामानाची वाहतूक, बँडचा आणि क्रूचा प्रवास येतो. प्रेक्षकांचा प्रवास येत नाही. रेडिओहेडनं २००७ मध्येच आपल्या अमेरिकेतल्या दौऱ्यांचा हिशेब करून घेतला होता. त्यात सर्वांत मोठा वाटा प्रेक्षकांच्या येण्याजाण्याचाच निघाला.

आपल्याकडचंच बघा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन शो नवी मुंबईत झाले, दोन अहमदाबादला. एवढ्या मोठ्या देशात फक्त दोन शहरं! डी. वाय. पाटील स्टेडियमला नेरूळपर्यंत हार्बर लोकलनं जाता येतं. अहमदाबादसाठी पश्चिम रेल्वेनं खास गाड्या सोडल्या. पण गुवाहाटी किंवा कोचीच्या चाहत्याला दोन दिवसांची सुट्टी काढून विमानाशिवाय पर्याय काय? शहरं कमी केली की बँडचं ओझं घटतं, आणि तेच ओझं आपल्या तिकिटावर चढतं.

म्हणून मला मॅसिव्ह अटॅकचा २५ ऑगस्ट २०२४चा ब्रिस्टलमधला शो जास्त प्रामाणिक वाटतो. टिंडल सेंटरच्या संशोधकांकडून त्यांनी आधी अहवाल करून घेतला आणि मग कामाला लागले. वीज बॅटरीवर होतीच. शिवाय आसपास राहणाऱ्यांना तिकिटं आधी, गाड्यांना पार्किंग नाही, परतीसाठी जादा रेल्वे. यात फोटो काढावा असं काही नाही. टाइमटेबल आहे!

त्याच अहवालात आणखी एक साधी सूचना आहे: साउंड, लाइट अशी यंत्रणा सभागृहातच असावी, म्हणजे बँडला ती वाहून न्यावी लागणार नाही. आपल्याला हे नवं नाही. कीर्तनकार गावात येतात, पेटी आणि पखवाज बहुतेकदा गावातलाच असतो. असं झालं तर पाचच ट्रकमध्ये दहा शहरं करता येतील, आणि नागपूरच्या पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही.

सायकल मारायला मजा येते, मीही मारेन. पण पुढचा बँड ‘ग्रीन टूर’ म्हणत आला, तर आपण एवढंच विचारावं: शेवटचं गाणं संपल्यावर घरी जायला लोकल आहे का?