योग्यानुपलब्धि आणि मांडवीचा स्फोट

दि. १४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज पेट घेऊन फुटलें. त्यावर सुमारें १४०० टन स्फोटकें असून कापसाच्या गासड्याही भरलेल्या होत्या. सुमारें अर्ध्या तासानें दुसरा स्फोट झाला. आग विझवितांना ६६ अग्निशामक कामीं आले. एकंदर मृतांचा आंकडा ८०० पासून १३०० पर्यंत निरनिराळा दिला जातो.

या प्रसंगाच्या लेखनांत दोन दोष संभवतात. पहिला विषयाचा. आकाशांतून पडलेल्या सोन्याच्या विटांची कथा रंगवून सांगितली जाते. वखारींतील हजारों टन धान्य जळालें, ह्यास एका वाक्याची जागा मिळते. वस्तुतः मुंबईंत २ मे १९४३ पासून शिधावाटप चालू होतें व बंगालचा दुष्काळ ताजा होता. अशा वेळीं धान्य जळणें म्हणजे युद्ध घरच्या चुलीपाशीं येणें होय.

दुसरा दोष प्रमाणाचा, आणि तो अधिक गंभीर. सविस्तर वृत्त बाहेर धाडण्याची मुभा बातमीदारांस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत मिळाली. जपानच्या ताब्यांतील सायगांव नभोवाणीनें तें १५ एप्रिललाच सांगितलें होतें. ‘तत्कालीन पत्रांत नाहीं, सबब घडलें नाहीं’ असें म्हणण्याचा मोह येथें टाळला पाहिजे. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीस प्रमाण मानतात, परंतु ती योग्य असावी लागते: वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति हवी. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाहीं. निर्बंधाखालील वृत्तपत्र हा असाच अंधार होय.

उलटपक्षीं, शत्रूची नभोवाणी किंवा वृद्धांची आठवण तेवढ्यानेंच खरी ठरत नाहीं. तिला कागदाची जोड हवी. मुंबईचे पुष्कळ हमाल व कामकरी सातारा-पुणें जिल्ह्यांतून गेलेले. म्हणून मांडवीचा पुरावा मांडवींतच शोधून भागणार नाहीं. आमच्या इंदापूर-बारामतीकडील एखाद्या फडताळांतही तो असूं शकेल: शिधापत्रिका, मनीऑर्डरीची पावती, खुशालीचें पत्र. पत्रलेखक तारीख चुकेल, पण टपालाचा शिक्का ती सांगतो.

साक्षीदार आतां बहुतेक उरले नाहींत. निदान त्यांचे कागद तरी दिवाळीच्या झाडलोटींत रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं वाचकांनीं पाहावे, एवढीच विनंति.

कळंब (ता. इंदापूर)