परिशिष्टातली प्रेमकथा

टॉल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ॲरागॉर्न आणि आर्वेनची प्रेमकथा आहे, पण मुख्य कथेत ती शोधावी लागते. ती सलग वाचायची तर १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात जावं लागतं. माणसासाठी अमरत्व सोडणारी ही बाई, आणि तिला जागा मिळाली ती राजांच्या वंशावळींशेजारी! याच टॉल्कीननं पत्नीच्या थडग्यावर आपल्या दुसऱ्या नायिकेचं, लूथिएनचं नाव कोरून घेतलं. प्रेमाचं मोल त्याला कळत होतंच. महाकाव्याच्या मांडवात मात्र त्यानं त्याला पडवीत बसवलं.

मीही अनेक वर्षं तेच योग्य मानत आले. मुखपृष्ठावर ड्रॅगन आणि शीर्षकात ‘हृदय’ दिसलं की पुस्तक जागच्या जागी. खरं तर आपली कादंबरीच अद्भुत आणि शृंगार यांच्या मांडीवर वाढली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि त्या जुन्या कथांना हसायला आपण शिकलो. माझं नाक मुरडणं त्याच शाळेतलं.

ते सैल केलं नेओमी नोविकच्या ‘अपरूटेड’नं (२०१५). पोलिश लोककथांच्या मातीतली ही कादंबरी. मनोऱ्यात राहणारा जादूगार सारकन टापटिपीचा, त्याचे मंत्र मोजूनमापून. खेड्यातली आग्निएश्का वेंधळी. तिची जादू रानात वाट काढावी तशी चाचपडत जाते. दोघं मिळून एक गुलाब उभा करतात. दोन परक्या रीती एकमेकींत मिसळतात आणि दोघंही गांगरतात. प्रेमाचा एक शब्द नाही, पण जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. इथे जादू काढून घेतली तर प्रेमच उरत नाही. अद्भुत आणि प्रेमकथा एकत्र गुंफणाऱ्या या प्रकाराची खरी कसोटी मला इथे सापडली.

त्या कसोटीवर रिबेका यॅरोसची ‘फोर्थ विंग’ (२०२३) अपेक्षेपेक्षा बरी उतरते. भाषा सपाट आहे, संवाद तर थेट आजच्या कॉलेजच्या कट्ट्यावरचे. पण रचनेत हुशारी आहे. व्हायलेटचा ड्रॅगन आणि झेडनची मादी ड्रॅगन हे जोडपं. ती दोघं फार दिवस दूर राहू शकत नाहीत. त्यामुळे एकमेकांचा संशय घेणाऱ्या या दोन स्वारांनाही जवळ राहणं भाग पडतं. शिवाय व्हायलेटचे सांधे पटकन निखळतात, आणि लेखिकेलाही तसाच आजार आहे. म्हणूनच वेदनेची वर्णनं उसनी वाटत नाहीत. मालिकेचा तिसरा भाग २०२५च्या जानेवारीत आला, तेव्हा आठवड्यात २७ लाख प्रती खपल्या.

सारा जे. मास हिच्याबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) ही ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची नवी मांडणी, शेवटी फेयरा आणि टॅमलिन सुखात. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात मात्र हे सुख कुजतं. संरक्षणाच्या नावाखाली टॅमलिन तिला घरात कोंडतो आणि ती निघून जाते. परीकथेचा शेवट मोडून बाईला दुसऱ्यांदा निवड करू देणं, हे धाडस. पण मग लेखिका ऱ्हायसँडला तिचा नियत जोडीदार ठरवते. नकाराची मुभा कागदावर असते म्हणा. तरी कुंडली जुळल्याचं आधीच कळल्यावर निवडीत काय जीव राहणार? पुढे तर शेकडो वर्षं वयाचे देखणे सरदार, एकच बिछाना, आधी वैर मग प्रेम, हा माल साच्यातून निघावा तसा बाजारात येतो आहे. बऱ्याच ठिकाणी जादू म्हणजे नुसता रंगवलेला पडदा. तो काढला तरी कथेचं काही बिघडत नाही.

सुरुवात करायची असेल तर ‘अपरूटेड’पासून करा. ती एका खंडात संपते. आणि टॉल्कीन घरात असेल तर तिसऱ्या खंडाचं पहिलं परिशिष्ट उघडा. आर्वेनची गोष्ट जेमतेम काही पानांची आहे.