नित्यसत्य आणि शहामृग

इंग्रजी व्याकरणाचे कोणतेही मार्गदर्शक घेऊन त्यातले साध्या वर्तमानकाळाचे प्रकरण काढा. या काळाचे जे उपयोग तिथे दिलेले असतात त्यात 'नित्यसत्य सांगण्यासाठी' हा उपयोग बहुधा सापडेलच आणि त्याखालचे उदाहरणही जवळजवळ ठरलेले असते : 'द सन राइझेस इन द ईस्ट.' सूर्य पूर्वेला उगवतो. त्याच्या जोडीला, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मुले ही वाक्ये पाठ करतात, काळ ओळखतात आणि पुढे जातात.

याच काळात लिहिलेले आणखी एक साहित्य आपल्या वर्गांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले सामान्यज्ञानाचे छोटे उतारे, 'चूक की बरोबर' प्रश्नांचे संच, जोड्या लावण्याची कार्डे. देशोदेशीच्या राजधान्या, लोकांच्या चालीरीती आणि प्राण्यांच्या सवयी हे त्यांचे तीन आवडते विषय. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले आणि अशा साहित्याची गरज आणखी वाढली. त्याचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. भाषेचे शिक्षक त्यातली भाषा पाहतात. विज्ञान आणि भूगोलाच्या शिक्षकांच्या हाती ते कधी पडतच नाही. म्हणून कोणत्याही एका पुस्तकाचे नाव न घेता या प्रकाराचाच येथे थोडा विचार करू.

प्रथम त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. 'रामा आंबा खातो' छापाच्या वाक्यांपेक्षा हे उतारे कितीतरी बरे. वाचण्यासारखे काहीतरी त्यांत असते. सहारा, पेंग्विन, जपानी लोकांचे वाकून नमस्कार करणे या गोष्टी अनेक मुलांना प्रथम याच पानांवर भेटतात. परकी भाषा वाचून काहीतरी नवे कळले, हा आनंद व्याकरणाच्या दहा नियमांहून मोलाचा आहे. अडचण याच आनंदातून निर्माण होते. व्याकरण मूल विसरते, माहिती लक्षात राहते. आणि ती इंग्रजीत छापलेली असल्यामुळे तिच्यावर शंका घेण्याचे धाडस वर्गात सहसा कोणाला होत नाही.

शहामृगाचेच पाहा. भीती वाटली की शहामृग वाळूत डोके खुपसते, हे वाक्य या साहित्यातले कायमचे रहिवासी आहे. आपल्या वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतही 'शहामृगी वृत्ती' नांदते आहे. वास्तविक डोके वाळूत पुरले तर पक्ष्याला श्वासच घेता येणार नाही. या कथेचे मूळ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याच्या ग्रंथापर्यंत जाते. आणि त्याने वाळूचे नावही घेतलेले नाही. डोके व मान झुडपात खुपसली की आपले सारे शरीर लपले असे शहामृगाला वाटते, असे तो लिहितो. झुडपाची वाळू पुढे कधीतरी झाली. निरीक्षणातून दिसते ते वेगळे आहे. शहामृग जमिनीत उथळ खळगा करून अंडी घालते आणि चोचीने ती फिरवीत राहते, म्हणून दुरून डोके जमिनीत गेल्यासारखे दिसते. शत्रू दूर असेल तर ते मान जमिनीला लावून पडून राहते. मग माळावर मातीचा ढीग दिसावा तसे दिसते. शत्रू जवळ आलाच तर पळते, ताशी ७० किलोमीटरपर्यंत वेगाने, आणि गाठले गेले तर लाथ मारते. ज्याच्या लाथेने मोठे जनावरही जायबंदी होऊ शकते त्या पक्ष्याला आपण मूर्खपणाचे प्रतीक करून ठेवले आहे.

यावर भाषाशिक्षकांचे एक ठरलेले उत्तर असते. हा भाषेचा तास आहे. मुलांचा शब्दसंग्रह तुटपुंजा. वाक्ये सोपी ठेवायची तर थोडी ढिलाई चालवून घ्यावी लागते. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण ते तपासून पाहावे. 'कॅमल्स स्टोअर वॉटर इन देअर हम्प्स' या वाक्यात सहा शब्द आहेत. 'कॅमल्स स्टोअर फॅट इन देअर हम्प्स' यातही सहाच. पहिले वाक्य खोटे, दुसरे खरे. फरक एका शब्दाचा, आणि 'फॅट' हा शब्द 'वॉटर'पेक्षा कठीण आहे असे कोणी म्हणणार नाही. सोपेपणाची सबब येथे टिकत नाही.

शिवाय दुसऱ्या वाक्यातून प्रश्न निघतो. वशिंडात चरबी असेल तर उंट पाण्यावाचून इतके दिवस राहतो कसा? नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये अल्जीरियातील सहारात राहून नेमके हेच तपासले. तहानलेल्या उंटाचे शरीर दिवसा ४० अंशांच्या वर तापू दिले जाते व रात्री ३४ अंशांपर्यंत उतरते. त्यामुळे घामावाटे पाणी खर्च करावे लागत नाही. वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी कमी झाले तरी तो तग धरतो आणि पाणी मिळाले की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरहून अधिक पितो. वशिंडातली चरबी जाळून पाणी मिळते, हा थोडा अधिक शिकलेल्यांचा समजही पुरता खरा नाही. चरबी जळून पाणी होते हे खरे, पण त्यासाठी लागणारा प्राणवायू घेताना कोरड्या हवेत श्वासावाटे त्याहून जास्त पाणी निघून जाते. एका शब्दाच्या दुरुस्तीने केवढे दार उघडते!

काही खोट्या वाक्यांचा इतिहास तर खुद्द वाक्यापेक्षा वाचनीय आहे. लेमिंग हा ध्रुवप्रदेशातला उंदरासारखा प्राणी. त्याच्या झुंडी कड्यावरून समुद्रात उड्या टाकून आत्महत्या करतात, हे या उताऱ्यांतले दुसरे लोकप्रिय विधान. समज जुना असला तरी जगभर तो पसरला तो डिस्ने कंपनीच्या 'व्हाइट विल्डरनेस' या १९५८ सालच्या माहितीपटामुळे. त्यात लेमिंग खरोखरच कड्यावरून पाण्यात पडताना दिसतात, आणि या चित्रपटाला ऑस्करही मिळाले. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी दूरचित्रवाणीने त्यामागची हकीकत उघड केली. चित्रीकरण अल्बर्टा प्रांतात झाले होते. तेथे हे लेमिंग राहत नाहीत, आणि त्या प्रांताला समुद्रकिनाराही नाही. प्राणी मॅनिटोबातून विकत आणले होते. बर्फ पसरलेल्या फिरत्या तबकडीवर त्यांना पळवून मोठ्या झुंडीचा आभास केला होता, आणि शेवटी त्यांना कड्यावरून पाण्यात लोटले होते. म्हणजे लाखो लोकांनी 'डोळ्यांनी पाहिलेले' ते दृश्य माणसांनी घडवलेले होते.

खरे काय? लेमिंगची संख्या दर तीन-चार वर्षांनी प्रचंड वाढते आणि मग कोसळते. वाढलेल्या काळात ते नव्या जागेच्या शोधात निघतात, नद्या-तळी पोहून ओलांडतात आणि त्यात काही बुडतात. संख्या कोसळते कशाने, हा खरा प्रश्न. ईशान्य ग्रीनलंडमधील एका अभ्यासाने (२००३) स्टोट, ध्रुवीय कोल्हा, हिमघुबड आणि स्कुआ पक्षी या चार भक्षकांच्या आधारे तेथील चढउतारांचा उलगडा केला. वरच्या वर्गातल्या मुलांना आणखी एक प्रश्न घालता येईल : उडी मारून मरणाऱ्या लेमिंगला पिल्ले होणार नाहीत, मग उडी मारण्याची ही उपजत सवय पुढच्या पिढीत जाईल कशी? या एका प्रश्नावर अर्धा तास सहज निघतो.

प्राण्यांविषयी चुकीचे लिहिले तर प्राण्यांना त्याचे सुखदुःख नाही. माणसांचे तसे नाही. 'एस्किमो बर्फाच्या घरात राहतात, नाकाला नाक घासतात आणि त्यांच्या भाषेत बर्फाला शंभर शब्द आहेत' हे वाक्य घ्या. इग्लू या शब्दाचा इन्युइट भाषेतला अर्थ नुसता 'घर'. बर्फाची घरे मुख्यतः कॅनडाच्या मध्य आर्क्टिक भागात आणि ग्रीनलंडच्या थुले परिसरात बांधली जात, तीही हिवाळ्यापुरती किंवा शिकारीच्या प्रवासात. अलास्कात घरे असत वाहून आलेली लाकडे, देवमाशाची हाडे आणि गवताळ मातीची ढेकळे यांची. आज हे लोक साध्या लाकडी घरांत राहतात. कॅनडात १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा त्यांचा बहुसंख्येचा स्वतंत्र प्रदेश झाला; त्याची विधानसभा आहे. 'एस्किमो' हे नावही कॅनडा व ग्रीनलंडमध्ये त्यांना नको आहे. नाकाचे म्हणाल तर मोठी माणसे लहान मुलाच्या गालाला नाक लावून त्याचा वास घेतात. आपल्याकडच्या आज्या बाळाचा वास घेतात, त्याहून त्यात अद्भुत काही नाही.

शब्दांची गोष्ट तर थेट भाषेच्या तासाची. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस याने १९११ मध्ये उदाहरण म्हणून चार शब्द दिले होते. पुढच्या लेखकांनी आकडा फुगवत नेला. १९८६ मध्ये लॉरा मार्टिन हिने हा प्रवास दाखवून दिला. मुळात या भाषांत शब्दाला प्रत्यय जोडत जाऊन अख्खे वाक्य एका शब्दात मावते, त्यामुळे शब्द मोजण्यालाच फारसा अर्थ नाही. मराठी मुलांना हे लगेच पटेल. 'घरासमोरच्यालासुद्धा' हा एक शब्द धरायचा की पाच? आणि शेतातला भात, पोत्यातले तांदूळ, ताटातला भात, फुटलेली कणी, पोहे, लाह्या, चुरमुरे, एवढ्या सगळ्यांना इंग्रजीत 'राइस'भोवतीच फिरावे लागते, याचे आपल्याला कधी नवल वाटत नाही. ते आपले रोजचे आहे ना!

अशाच एका यादीत आपल्याविषयीही वाक्य असते : भारतीय लोक मांस खात नाहीत. मालवणच्या किंवा वसईच्या मुलाला हे वाचून काय वाटेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बहुसंख्य प्रौढांनी आपण मासे, कोंबडी किंवा मांस खातो असेच सांगितले आहे. माझ्या मते हे चुकीचे वाक्य वर्गात मुद्दाम वाचावे. या एका बाबतीत विद्यार्थी स्वतः जाणकार असतो. आपल्याविषयीचे वाक्य इतके ढोबळ असेल तर शेजारच्या ओळीतली जपानी, मसाई आणि इन्युइट यांच्याविषयीची वाक्ये कितपत नेमकी असतील, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

राजधान्या आणि लोकसंख्या यांबाबत दोष निराळा. ती वाक्ये लिहिली तेव्हा खरी होती, पण साध्या वर्तमानकाळावर साल छापलेले नसते. कझाकस्तानची राजधानी १९९७ मध्ये अल्माटीहून हलली. नव्या राजधानीला १९९८ मध्ये अस्ताना, २०१९ मध्ये नूर-सुलतान आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना असे नाव मिळाले. सर्वाधिक लोकसंख्येचा देश चीन, हे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ पासून चूक आहे. कपाटातले जुने संच मात्र तसेच वापरले जातात.

मग हे उतारे टाकून द्यावेत का? मुळीच नाही. त्यांतली वाक्ये मुलांकडून दुरुस्त करून घ्यावीत, आणि गंमत अशी की खरे लिहू गेले की इंग्रजीही अधिक यावी लागते. 'ऑल'च्या जागी 'सम' किंवा 'मोस्ट' लागते, 'ऑलवेज'च्या जागी 'युझवली'. 'इन सम प्लेसेस' लागते. 'पीपल यूज्ड टू बिलीव्ह दॅट...' ही रचना लागते, आणि साल घालायचे तर भूतकाळ लागतो. खोट्या वाक्याला एकच काळ पुरत होता.

ही दुरुस्ती नित्यसत्यांपासूनच सुरू करावी. मुंबईत २१ जूनच्या सुमारास सूर्य पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. नेमका पूर्वेला तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरमध्ये. शाळेच्या पटांगणात एक खुंटी रोवून मुलांना हे वर्षभर पाहता येते. नॉर्वेच्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळते, लेहला ८८-८९ अंशांना.

वरच्या वर्गांसाठी एक हिशेबही सुचवतो. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्य बहुतेक संचांत असतेच. ते १९३०च्या दशकात छापलेले आढळते. त्या वेळी चंद्रावर जाऊन कोणी पाहिले होते, हा पहिला प्रश्न. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला, चंद्राच्या मानाने अगदी जवळून, आणि भिंत आपल्याला दिसली नाही असे त्याने सांगितले. आता आकडे घ्या. भिंतीची रुंदी सुमारे ६ मीटर, चंद्राचे अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर. माणसाचा केस ०.०६ मिलिमीटर जाड धरला तर त्याच प्रमाणात तो किती अंतरावर धरावा लागेल? त्रैराशिक मांडले की उत्तर येते ३,८४० मीटर. मुलांना शाळेपासून पावणेचार किलोमीटरवरचे एखादे गाव दाखवावे आणि तिथे कोणीतरी केस धरून उभा आहे असे सांगावे.