शंकेची जागा : धुरंधरांच्या जलरंगांसमोर

जलरंगात कथाचित्रं काढू पाहणाऱ्या नवशिक्याला हमखास एक उपदेश मिळतो : आत्मविश्वास ठेव. आम्हाला तो अपुरा वाटतो. आत्मविश्वास काही ट्यूब पिळून पॅलेटवर घेता येत नाही. आणि शंका वाईटच, हे तरी कुणी ठरवलं? न्यायदर्शनाने सोळा पदार्थ सांगितले. त्यांत ‘संशय’ आहे आणि पुढे ‘निर्णय’ही आहे. संशय आला म्हणून तपास सुरू होतो, आणि तपास निर्णयाशी थांबतो.

मग अडतं कुठे? वेळेपाशी. तैलरंगात चुकलेलं खरवडता येतं, वर दुसरा थर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. तो झाकला गेला की पुन्हा तसा मिळणं कठीण. त्यात आपलं सोलापूर! मे महिन्याच्या दुपारी कागदावरचं पाणी बघता बघता वाळतं. अर्धवट सुकलेल्या रंगावर घाबरून पुन्हा ब्रश फिरवला की डाग उमटतात, रंग मळतो. पोरगं म्हणतं, “मला जमत नाही.” आम्ही म्हणू, बाबा रे, तुझी शंका उशिरा आली, एवढंच.

ती वेळेवर आणायची कशी, हे महादेव विश्वनाथ धुरंधरांकडे (१८६७–१९४४) पाहावं. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आला आणि तिथेच शिक्षक झाला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९४० सालचं. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथातली त्यांची चित्रं बघा. लुगड्याच्या निऱ्या, पदराचा भार, उभं राहण्याची ढब; हात कुठे चाचरलेला दिसत नाही. ही सहजता अखंड रेखाटनांतून आलेली आहे. पदर कसा पडतो, ही शंका पेन्सिलीने आधीच फेडलेली होती.

पण इथे आमची एक तक्रार आहे. त्या ग्रंथात बाई ओळखली जाते ती जात, प्रांत, धंदा यांवरून; तिला स्वतःचं नाव नाही. मजकुराची ही चौकट वासाहतिक काळाची, हे खरं. तरी चित्रंही बहुधा तीच चौकट मानतात. ‘ही बाई अशीच असते का?’ ही शंका तिथे यायला हवी होती. हात निःशंक झाला, आणि त्याबरोबर डोळाही निःशंक झाला.

म्हणून शिकणाऱ्यांना एवढंच सांगू. रंग कालवण्याआधी हव्या तेवढ्या शंका काढा, कच्च्या कागदावर फेडा. ब्रश ओला असेल तेवढा वेळ मात्र ठरवलेलं पार पाडा. चित्र वाळलं की पुन्हा शंका घ्या. आपल्या हाताबद्दल घ्याच, पण समोरच्या माणसाला आपण नीट पाहिलं का, याबद्दल आधी घ्या.