‘एजंट बसवला’ या एका ओळीबद्दल

संगणक-सुरक्षेवरचे प्रबंध चाळताना पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ हमखास भेटते: ‘सर्व विंडोज संगणकांवर डिटेक्शन एजंट बसवण्यात आला.’ पुढच्या परिच्छेदापासून थेट निकाल. माझ्या मसुद्यातही हीच ओळ होती. तिच्यामुळे माझी सात आठवड्यांची माहिती वाया गेली. तुम्ही आता संशोधनाच्या तयारीत आहात, तुमची जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

ज्यांचा विषय वेगळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एंडपॉइंट म्हणजे वापरणाऱ्याच्या हातातलं टोकाचं यंत्र: लॅबमधला पीसी, ऑफिसातला लॅपटॉप. त्यावर बसवलेला एजंट म्हणजे मागे शांतपणे चालणारा एक प्रोग्राम. कुठली प्रक्रिया कोणी सुरू केली, कुठली फाइल बदलली, कुठे जोडणी झाली याच्या नोंदी तो घेतो आणि मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतो. संशयास्पद काही दिसलं तर सर्व्हर इशारा देतो. जुना अँटिव्हायरस मुख्यतः फाइल ओळखायचा, हा वागणूक पाहतो. या सगळ्या व्यवस्थेला ईडीआर म्हणतात.

माझा प्रश्न असा होता: जिथे वीज आणि इंटरनेट दोन्ही ये-जा करतात, तिथे ही व्यवस्था कितपत चालते? म्हणून तलासरी तालुक्यातल्या एका कॉलेजची लॅब निवडली. लेखी परवानगी घेतली, डहाणूहून एसटीने जाऊन १८ मशिनांवर मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन आणि वाझू हा मुक्तस्रोत एजंट बसवला. प्रत्येक मशिनवर सर्व्हिसेसची खिडकी उघडून ‘रनिंग’ लिहिलेलं पाहिलं, सर्व्हरच्या डॅशबोर्डवर हिरवे ठिपके पाहिले आणि घरी आले. सात आठवड्यांनी तक्ता केला. बहुतेक मशिनांपुढे संशयास्पद घटना शून्य. मी लिहिलं, ‘संगणक स्वच्छ आढळले.’

मॅडमनी मसुदा वाचून एकच विचारलं. “यातलं ‘काही घडलं नाही’चं शून्य कुठलं आणि ‘आपल्याला कळलंच नाही’चं शून्य कुठलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लाज वाटायचं कारण असं की हा फरक आमच्या भागातल्या माणसाला तरी नवा नसावा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने या भागात भूकंपमापक बसवले. भूकंपमापकाचा आलेख तुम्ही पाहिला असेल. धक्का नसतानाही त्याची रेघ कधी पूर्ण सरळ नसते. रस्त्यावरचे ट्रक, वारा, समुद्राच्या लाटा यांची बारीक थरथर सतत उमटत असते. रेघ अगदी सपाट झाली की भूकंपशास्त्रज्ञ ‘जमीन शांत आहे’ म्हणत नाही, ‘यंत्र पाहा’ म्हणतो. आणि जेवढा वेळ यंत्र बंद होतं तेवढा काळ ‘धक्का नाही’ असा न धरता नोंदीतला खंड म्हणून वेगळा ठेवतो.

विंडोजचंही तसंच आहे. समोर कोणी बसलेलं नसलं तरी मशिन गप्प नसतं. अपडेट तपासले जातात, प्रक्रिया सुरू होतात, बंद होतात. चालू मशिनकडून अशा साध्या नोंदीसुद्धा येत नसतील, तर ते शून्य म्हणजे सपाट रेघ. मी फक्त संशयास्पद घटना मोजल्या होत्या. थरथर मोजलीच नव्हती.

आता आपल्या विषयातलं संशोधन याकडे कसं पाहतं ते बघू. ईडीआरच्या चाचणीवर बराच उल्लेखला जाणारा एक निबंध आहे, जॉर्ज कारांट्झास आणि कॉन्स्टँटिनोस पात्साकिस यांचा, २०२१ सालचा. त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या ईडीआरवर चार वाटांनी हल्ले करून पाहिले: कंट्रोल पॅनेलची सीपीएल फाइल, एचटीए फाइल, वैध प्रोग्रामच्या आडून लादलेली डीएलएल आणि साधी एक्सई. निष्कर्ष असा की नामवंत व्यवस्थाही यातले बरेच हल्ले अडवू किंवा नोंदवू शकल्या नाहीत. एजंटला माहिती पुरवणारे विंडोजचे स्रोतच कसे बिघडवता येतात, हेही त्यांनी दाखवलं. काम महत्त्वाचं आहे. ‘कंपनी सांगते म्हणून’ या सबबीला त्यांनी जागा ठेवली नाही. जरूर वाचा.

पण वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. असल्या प्रयोगाची सुरुवात निरोगी एजंटपासून होते. एजंट नीट बसलाय, सर्व्हरशी बोलतोय, हे गृहीत असतं. प्रयोगशाळेत ते योग्यच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम. त्या लेखकांना मी दोष देत नाही, तो त्यांचा प्रश्नच नव्हता. दोष आपला, म्हणजे असे आकडे उचलून स्वतःच्या लॅबला लावणाऱ्यांचा. समजा एखादं साधन दहापैकी नऊ हल्ले पकडतं, पण तुमच्या निम्म्याच मशिनांवर ते खरंच जिवंत आहे. मग सगळ्या मशिनांवर सारखेच हल्ले झाले असं धरलं, तरी पकड शंभरात पंचेचाळीस. आणि हे निम्मे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. जुनं मशिन, कोपऱ्यातली सैल केबल, अपडेट न झालेलं विंडोज: एजंट मुका होतो तो बहुधा इथेच, आणि धोकाही इथेच जास्त. संख्याशास्त्र शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. गाळलेली माहिती जेव्हा योगायोगाने गळत नाही, तेव्हा उरलेल्या माहितीची सरासरी फसवी असते.

मी परत तलासरीला गेले. या वेळी प्रत्येक मशिनसमोर बसले. काय सापडलं ते सांगते, कारण यातल्या चुका तुम्हीही करणार.

पहिली चूक निव्वळ माझी. सिसमॉन प्रत्येक मशिनवर नोंदी घेत होतं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या दिसतही होत्या. पण वाझूचा विंडोज एजंट मुळात ॲप्लिकेशन, सिक्युरिटी आणि सिस्टीम हे तीन लॉग वाचतो. सिसमॉनचा लॉग त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आपण लिहून द्यावा लागतो. बहुतेक मशिनांवर मी तो लिहिलाच नव्हता. दोन्ही प्रोग्राम ‘रनिंग’ होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते.

दुसरी गोष्ट लॅबच्या दादांनी सहज सांगितली. “ताई, त्या तीन मशिनी मध्ये बिघडल्या होत्या, मग चार नंबरची कॉपी मारली त्यांच्यावर.” कॉपीबरोबर चार नंबरच्या एजंटची ओळख-किल्लीही गेली. आता चार मशिनी एकाच नावाने सर्व्हरशी बोलू पाहत होत्या, आणि त्या तिघींची जुनी नावं डॅशबोर्डवर ‘डिस्कनेक्टेड’ दिसत होती. मी समजले, लाइट गेली असेल. माझ्या प्रश्नातच वीज जाणं गृहीत होतं, त्यामुळे शंकाही आली नाही.

तिसरी गोष्ट, दोन मशिनांच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता. इंटरनेट नसताना मशिन सुरू केलं की घड्याळ कित्येक वर्षं मागे. नोंदी पोचत होत्या, पण आपली वेळ चुकीची सांगत होत्या. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे अशा नोंदींवरून लावताच येत नाही.

मग पडताळणी करायची कशी? मी आता पाळते तो क्रम देते.

आधी खोलीतली मशिनं हाताने मोजा, प्रत्येकाला चिकटपट्टीवर क्रमांक द्या आणि सर्व्हरच्या यादीशी एकास एक जुळवा. मग प्रत्येक मशिनवर एक निरुपद्रवी पण ओळखू येणारी घटना घडवा. मी नोटपॅडच्या फाइलची प्रत काढून तिला मशिनचा क्रमांक आणि तारखेचं नाव देते आणि ती चालवते. ही घटना तीन ठिकाणी शोधा: मशिनच्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (सिसमॉनची घटना क्रमांक १, म्हणजे प्रक्रिया सुरू झाल्याची नोंद), सर्व्हरवर आणि डॅशबोर्डवर. कुठे हरवली ते कळलं की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. पोचायला किती वेळ लागला तोही लिहा.

त्यानंतर पकड तपासा. आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल बहुतेक अँटिव्हायरस ओळखतात. पण ती पकडली म्हणून हुरळून जाऊ नका, त्याने फक्त फाइल ओळखणारा भाग सिद्ध होतो. वागणुकीच्या चाचणीसाठी ॲटॉमिक रेड टीमसारखा मुक्तस्रोत संच आहे. तो लेखी परवानगीशिवाय आणि चालू तासाच्या लॅबमध्ये कधीही वापरू नका.

शेवटी केबल काढा, तासाभराने परत लावा. मशिन बंद करून चालू करा. मधल्या काळातल्या नोंदी आल्या का? विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा असतो, भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. आठवडाभर इंटरनेट नसलेल्या मशिनवर ही गोष्ट कागदावरची राहत नाही.

हे एकदा करून भागत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एजंटला गेलेल्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. बऱ्याच ठिकाणी माणसाने यंत्रासमोर जाऊनच ती सुरू करावी लागली. प्रत्येक अपडेट म्हणजे नवी बसवणी, म्हणून नवी पडताळणी.

एक मित्र म्हणाला, “हे तंत्रज्ञाचं काम, यात संशोधन कुठलं?” त्याला मी बंदराचं उदाहरण दिलं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या पसरलं तेव्हा मर्स्क समूहाकडचं जेएनपीटीतलं टर्मिनल ठप्प झालं होतं. त्याच जेएनपीएचा ७४ टक्के वाटा असलेल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, आणि वाढवण डहाणू तालुक्यात आहे. बंदर हवं की नको यावर इथे तीव्र मतभेद आहेत, तो वेगळा विषय. पण ते झालं तर त्याच्याशी जोडलेली छोटी ऑफिसं, वाहतूकदारांचे जुने पीसी याच विजेवर आणि याच नेटवर्कवर चालतील. तिथले हिरवे ठिपके कितपत खरे, हे मोजायची पद्धत कोणीतरी बसवायला हवी. मला तरी हे संशोधनच वाटतं.

माझ्या मसुद्यातली ओळ आता अशी आहे: ‘१८ संगणकांवर एजंट बसवला, प्रत्येकावर ओळखीची घटना घडवून ती सर्व्हरपर्यंत पोचल्याची खात्री दर सोमवारी केली, जिथे ती पोचली नाही तो काळ खंड म्हणून वगळला.’ सात आठवडे फुकट गेले, त्यांची जागा प्रबंधात एका तक्त्याने घेतली आहे. तक्त्याचं नाव ‘खंड’. मॅडम म्हणाल्या, परीक्षक आधी हाच तक्ता वाचतील.

तुमच्या तक्त्यातही शून्यं असतीलच. सादर करण्याआधी प्रत्येक शून्यापुढे लिहा: हे कशावरून?