सुरतेत वाजणारी अहिराणी

लिंबायत, उधना, डिंडोली या सुरतेच्या भागांत लग्नसराईत अहिराणी गाणे वाजले नाही, तर हळद लागल्यासारखे वाटत नाही. आता ते यूट्यूबवरून येते, आणि त्यावर नाचणाऱ्या पोरांची रील वरात संपण्याआधी धुळे-नंदुरबारच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचलेली असते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने कापडाच्या धंद्यात आलेल्या खानदेशी माणसाने बोली सोबत आणली, पण बाजारात हिंदी आणि शाळेत गुजराती किंवा प्रमाण मराठी; अहिराणी घरापुरती उरली होती. २०११च्या जनगणनेत खानदेशी भाषा (अहिराणी तिच्यातच मोजली जाते) सांगणारे साडेअठरा लाखांच्या आसपास होते. त्या बोलीतले ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणे खानदेशाबाहेर, अर्थ न कळणाऱ्यांनीही नाचत उचलून धरले. याचा मला मनापासून अभिमान आहे.

मुंबईच्या परवानगीची वाट न पाहण्याची ही धमक या पट्ट्यात जुनीच. शेजारच्या मालेगावात, तेही यंत्रमागांचेच गाव, शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला. भाषा वेगळी, हिंमत तीच.

पण अभिमान वाटतो म्हणून कान बंद करता येत नाहीत. एक गाणे गाजले की त्याच ठेक्यावर पुढची ओळीने येतात. तोच शेताचा बांध, तोच वरून फिरणारा ड्रोन, पोरीचे दागिने बदलतात एवढेच. नाचायला हे पुरते, मात्र ऐकायला बसलो की दुसऱ्या कडव्यात काही हाती लागत नाही.

मला खरी उणीव वाटते ती सुरतेची. ज्यांच्या जिवावर ही गाणी चालतात त्यातले कितीतरी जण लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करतात. बाया घरात साड्यांना स्टोन लावतात, धागे कापतात. मी ऐकलेल्या गाण्यांत यातले जवळपास काही नाही. गाण्यातला नायक अजून गावातच फिरतो. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत विरहासोबत अख्खी मुंबई आली, आणि ती लोकांनी तोंडपाठ केली. कष्टाचे गाणे चालत नाही, हे कारण म्हणूनच मला पटत नाही.

उलट, कुणी ‘कला’ म्हणून न टाकलेल्या क्लिपांत जीव सापडतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी तिची मिरवणूक निघते. गल्लीत म्हाताऱ्या बाया गाणे धरतात, मधेच एखादीला ओळ आठवत नाही, दुसरी पुरवते, मागून डीजे चढतो. फोन हलतो, आवाज फाटतो, तरी चाल आणि शब्द दोन्ही अस्सल. यातल्या चाली पुढे स्टुडिओत जातात, तेव्हा गीतकार म्हणून भलतेच नाव लागते. ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होणेही पुरेसे नाही. कोणत्या गावच्या, कोणत्या बाईकडून चाल घेतली, हे तिला विचारून व्हिडिओखाली लिहायला दोन ओळी लागतात. आणि गाण्याने पैसे मिळवले तर त्यातला वाटा तिच्या घरी गेला पाहिजे.