नकाशांचीं खुलीं भांडारें : एक परीक्षण

भारतीय सर्वेक्षण विभागानें आपल्या स्थापनेच्या २५० व्या वर्षीं, एप्रिल २०१७ मध्यें, 'नक्शे' नांवाचें संकेतस्थळ उघडून १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. मौजे, तर्फ व परगणे यांची स्थलनिश्चिति करण्यांत ज्यांचे दिवस गेले, त्यांस या सोयीचें मोल सांगावयास नको. आरंभीं मात्र आधार क्रमांक मागितला जाई. नकाशा पाहणाऱ्याची ओळख कशास हवी, हें आम्हांस उमगलें नाहीं.

हे ताव 'खुल्या मालें'तले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानें संरक्षण खात्याची माला निराळी काढली व लोकांच्या मालेंतून नाजूक स्थळें वगळलीं. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती या सोयींत जुन्या आवृत्त्यांस स्थान दिलें नाहीं याविषयीं. संशोधकास आजचा रस्ता नको असतो, मोडलेली वाट हवी असते. कोयनेच्या शिवसागरांत बुडालेल्या गांवांचा माग काढूं जातां हातीं लागतात ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानें सर्वांस खुले ठेवलेले अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० चे ताव. आणि तेही बव्हंशीं आमच्याच सर्वेक्षणाच्या पाव-इंची नकाशांवरून रचलेले!

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जुने ताव एव्हरेस्टच्या गोलाभावर बसविलेले, खुली माला डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक मानावर. दोहोंचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जुळविले तर स्थळ शंभरेक मीटर सरकूं शकतें. तेवढ्यानें शिलालेख शेजारच्या शेतांत आणि वीरगळ ओढ्यांत जातो. म्हणून मोजणीचा काल, प्रमाण, प्रक्षेप व कर्ता सांगणारें टिपण नकाशाबरोबर हवेंच. पुष्पिका नसलेल्या पोथीचा काळ ठरवितांना काय यातायात पडते, हें वाचक जाणतात.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानाचें 'पास्डा' हें प्रांतिक भांडार या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. तें तेथील विद्यापीठ चालवितें. निरनिराळ्या सरकारी खात्यांची भूस्थानिक माहिती तेथें एकत्र मिळते, माहितीसोबत असें टिपण असतें, आणि ती घेण्यास मोल पडत नाहीं. महाराष्ट्रांत नागपुरास १९८८ पासून सुदूर संवेदन केंद्र आहे, 'महाभूनकाशा'वर गटाचा नकाशा पाहतां येतो. पण जुना ताव, नवा ताव व गांवनकाशा एकावर एक ठेवून पाहावे तर संशोधकास दारोदार फिरणें आलेंच. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीं भारतीयांवरील पूर्वपरवानगीचें ओझें उतरविलें आहे. तेव्हां जुन्या तावांविषयीं हात आखडता घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

हें बोलणें सरकारापुरतेंच नाहीं. आमच्यापैकीं कित्येकांच्या पेट्यांत कापडावर चिकटविलेले एक-इंची ताव घडी घातलेले पडून आहेत. त्यांचीं छायाचित्रें घेऊन, कडेची छपाईची ओळ न कापतां, तीं कोणाही अभ्यासकास द्यावीं. प्रांतिक भांडार निघेल तेव्हां निघो.